मुलांमधल्या अंडाशयाच्या आणि वृषणाच्या दुर्मिळ गाठी: उपचारांच्या निकालांचे आकडे कसे वाचावेत?

नीलमोहोर (धागाकर्ता)

लहान किंवा किशोरवयीन मुलांमधल्या अंडाशयाच्या अथवा वृषणाच्या कर्करोगाविषयी शोधायला बसलं की सगळीकडे एकच वाक्य सापडतं: "बहुतेक मुलं बरी होतात." ते खरंच आहे. पण समोरच्या मुलाला ते कितपत लागू होतं, हे त्यावरून कळत नाही. अंडाशयातच राहिलेली आणि न फुटता निघालेली ग्रॅन्युलोसा सेल गाठ आणि पोटभर पसरलेली, कमी परिपक्व पेशींची सर्टोली-लायडिग गाठ या दोन्ही "दुर्मिळ जननग्रंथींच्या गाठी" म्हणूनच मोजल्या जातात. पहिलीत शस्त्रक्रियेवर काम भागतं, दुसरीत सगळे उपचार करूनही गाठ परतण्याची भीती मोठी असते.

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं जर्म सेल गाठींचं, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठींचं: योक सॅक, डिसजर्मिनोमा, टेराटोमा, कोरिओकार्सिनोमा, एम्ब्रिओनल आणि यांचं मिश्रण. दुसरं सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल गाठींचं, म्हणजे हॉर्मोन तयार करणाऱ्या आणि बीजपेशींना आधार देणाऱ्या पेशींचं. हे दुसरं घराणं फार विरळ. त्यामुळे त्याची माहिती एका रुग्णालयाच्या अनुभवातून उभी राहूच शकत नाही, देशोदेशींच्या नोंदवह्या एकत्र कराव्या लागतात. युरोपातला मुलांच्या दुर्मिळ गाठींवर काम करणारा एक्स्पर्ट गट आणि अमेरिकेतल्या मिनेसोटातली अंडाशय-वृषणाच्या स्ट्रोमल गाठींची आंतरराष्ट्रीय नोंदवही याच गरजेतून सुरू झाल्या. जर्म सेल गाठींसाठी मॅजिक नावाचा आंतरराष्ट्रीय गट 2009 पासून जुन्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करतोय.

माझं म्हणणं एवढंच, की निकालाचा बराचसा भाग केमो सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. पहिल्या शस्त्रक्रियेआधी कोणतं रक्त घेतलं, गाठ कशी काढली आणि काढलेली गाठ कशी तपासली यावर तो ठरतो. जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

काचपट्टी

पॅथॉलॉजीच्या बाजूने लिहिते.

पहिली चूक नमुने कमी घेण्याची. 18 सेंटिमीटरच्या गाठीतून चार-पाच तुकडे घेऊन "इमॅच्युअर टेराटोमा" असा रिपोर्ट दिला तर तो अपुरा आहे. गाठीच्या सर्वात मोठ्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) हा नेहमीचा दंडक. शिवाय वेगळे दिसणारे भाग वेगळे घ्यायचे: मऊ, पिवळसर, बुळबुळीत, रक्तस्राव झालेले. योक सॅकचा छोटा पुंजका नेमका अशाच कोपऱ्यात लपलेला असतो. एएफपी (योक सॅक गाठ रक्तात सोडते ते प्रथिन) 900 आणि रिपोर्टमध्ये फक्त टेराटोमा, अशी जोडी दिसली तर रिपोर्ट बरोबर धरून पुढे जाऊ नका. उरलेली गाठ पुन्हा कापायला सांगा.

दुसरी चूक पोटाच्या पडद्यावरच्या दाण्यांची. टेराटोमासोबत पेरिटोनियमवर बारीक पांढरे दाणे दिसले की "पसरला" असं वाटतं. ते दाणे पूर्ण परिपक्व मेंदूपेशींचे असतील तर त्याला ग्लिओमॅटोसिस पेरिटोनाय म्हणतात आणि त्याने निकाल बिघडत नाही. पण म्हणून एकच दाणा तपासून मोकळं होता येत नाही. जागोजागचे बरेच दाणे पाठवावे लागतात, कारण एखाद्यात अपरिपक्व ऊतक किंवा योक सॅक असू शकतं.

तिसरी गोष्ट स्ट्रोमल गाठींची. ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा सेल गाठ काचेखाली भेसूर दिसते. पेशी मोठ्या, गडद, विभाजनंही भरपूर. त्यामुळे तिला एम्ब्रिओनल कार्सिनोमा किंवा स्मॉल सेल कार्सिनोमा म्हणून टाकलं जाण्याचा धोका असतो, आणि तिघींचे उपचार पूर्ण वेगळे. इनहिबिन, कॅलरेटिनिन, एसएफ-1, एसएएलएल-4 हे डाग (पेशींमधली ठरावीक प्रथिनं दाखवणारे रंग) लावल्याशिवाय निदान पक्कं करू नये. आणि स्ट्रोमल गाठीच्या प्रत्येक केसमध्ये काचा आणि ब्लॉक संदर्भ केंद्राकडे दुसऱ्या मतासाठी जायलाच हव्यात. यात आपल्या पॅथॉलॉजिस्टवर अविश्वास नाही. एखाद्याच्या अख्ख्या कारकिर्दीत अशा दोन-तीनच गाठी येतात.

मुलगी तरुण, गाठ घन, रक्तात कॅल्शियम वाढलेलं आणि एसएमएआरसीए-4 या प्रथिनाचा डाग नाहीसा, असं चित्र असेल तर ती हायपरकॅल्सेमिक प्रकारची स्मॉल सेल कार्सिनोमा. या धाग्यातला सर्वात वाईट निकाल तिचाच. तिथे दिवस वाया घालवू नयेत.

टाका

मुलींच्या शस्त्रक्रियेविषयी.

भूल देण्याआधी रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच, इनहिबिन ए आणि बी, एएमएच, एस्ट्राडिओल, टेस्टोस्टेरॉन आणि कॅल्शियम, म्हणजे गाठीची खूण देणारे मार्कर. निकाल हाती येईपर्यंत थांबता आलं नाही तरी नमुना काढून ठेवा. गाठ गेल्यावर सुरुवातीचा आकडा पुन्हा कधीच मिळत नाही.

मग क्रम असा. पोट उघडल्यावर काहीही हलवण्याआधी जलोदराचं पाणी घ्या. पाणी नसेल तर सलाइनने धुऊन ते द्रव पाठवा. दोन्ही अंडाशयं बघा, पेरिटोनियम, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि यकृताचा पृष्ठभाग डोळ्यांनी आणि हाताने तपासा. लसिकाग्रंथी चाचपा. ज्या संशयास्पद वाटतील त्यांचाच तुकडा घ्या. सरसकट सगळ्या ग्रंथी काढण्याची गरज मुलांमध्ये नाही. दुसरं अंडाशय नॉर्मल दिसत असेल तर त्याला पाचर कापून हात लावू नका. नंतरच्या चिकटपणामुळे मूल होण्याचीच संधी जाते. गर्भाशय जागेवरच राहील. बीजवाहक नलिका गाठीला चिकटलेली नसेल तर तीही राहू शकते.

सगळ्यात महत्त्वाचं: गाठ अखंड बाहेर आली पाहिजे. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टेज-मोजणीत अंडाशयापुरती अखंड गाठ म्हणजे आयए. शस्त्रक्रियेत फुटली तर आयसी-1, आधीच फुटलेली असेल किंवा पृष्ठभागावर पेशी असतील तर आयसी-2, पाण्यात पेशी सापडल्या तर आयसी-3. स्ट्रोमल गाठींमध्ये आयए आणि आयसी यांच्यातलं अंतर बऱ्याचदा "फक्त देखरेख" आणि "केमो" यांच्यातलं अंतर असतं.

अबोली

टाका, दोन शंका. दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया या गाठींना वर्ज्य समजायची का? आणि अंडाशयाला पीळ पडल्यामुळे रात्री तातडीने नेलेल्या मुलीचं काय? तिथे मार्करची वाट कोण बघणार?

टाका

दुर्बीण वर्ज्य नाही. तिने पोट नीट बघता येतं, धुता येतं. घात होतो तो गाठ बाहेर काढताना. 15 सेंटिमीटरची गाठ 2 सेंटिमीटरच्या छिद्रातून येत नाही. मग कोणीतरी "आधी आतलं पाणी ओढून घेऊ" म्हणतं, सुई आत जाते, भोकाच्या कडेने द्रव झिरपतो आणि आयएची आयसी-1 होते. पिशवीत घालून आत तुकडे केले तरी पिशवी फाटू शकते, आणि तुकडे झालेल्या गाठीचं बाह्यकवच पॅथॉलॉजिस्टला तपासता येत नाही. घन भाग असलेली, मोठी किंवा मार्कर वाढलेली गाठ असेल तर पुरेसा मोठा छेद घ्यावा. व्रण राहील, पण केमो टळण्याची शक्यता त्याहून मोलाची आहे.

पिळाचं उत्तर वेगळं. पीळ सोडवा आणि काळंनिळं दिसलं म्हणून अंडाशय काढू नका. तसं दिसणारी बरीच अंडाशयं सावरतात. रक्ताचा नमुना सुईने शिरेतून घ्यायला दोन मिनिटं लागतात, तो घ्याच. पीळ सोडवून मार्कर आणि एमआरआय पूर्ण करून काही दिवसांनी ठरवून नीट शस्त्रक्रिया करता येते. घाईत अर्धवट कापलेली गाठ ही सर्वात त्रासाची, कारण ना ती पूर्ण निघालेली असते ना स्टेज कळलेली.

आरोह

मार्करच्या आकड्यांबद्दल, कारण घरच्यांची सगळ्यात जास्त झोप त्यावरूनच उडते.

एएफपीचं अर्धआयुष्य साधारण 5 ते 7 दिवस, बीटा-एचसीजीचं 24 ते 36 तास. उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी एएफपी 12,800. अर्धआयुष्य 6 दिवस धरलं तर 6व्या दिवशी 6,400, 12व्या दिवशी 3,200, 18व्या दिवशी 1,600, 24व्या दिवशी 800. दहाच्या आसपास यायला दोन महिने लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात "अजून हजाराच्या वर आहे" म्हणून घाबरू नये. पण 24व्या दिवशी 3,000 असेल तर आकडा उतरत असूनही तो हवा त्यापेक्षा हळू उतरतोय, म्हणजे कुठेतरी गाठ शिल्लक आहे. चढउतार कागदावर मांडा, एकेका आकड्याकडे सुटं बघू नका.

दोन सापळे. नवजात बाळाचं एएफपी मुळातच हजारोंमध्ये असतं, 50,000 च्या घरातही, आणि मोठ्यांच्या पातळीवर यायला वर्षभर तरी जातं. त्यामुळे 4 महिन्यांच्या बाळाचा आकडा प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेशी ताडू नका, वयाच्या तक्त्याशी ताडा. दुसरा सापळा म्हणजे केमोच्या पहिल्या दिवसांत आकडा तात्पुरता उसळतो. तो उपचार फसल्याचा पुरावा नव्हे.

आता केमोविना देखरेखीचा मुद्दा. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या एजीसीटी 0132 चाचणीत स्टेज 1 च्या जर्म सेल गाठींमध्ये शस्त्रक्रियेनंतर फक्त देखरेख ठेवली. 25 मुलींपैकी 12 जणींत आजार उरला किंवा परतला, म्हणजे 4 वर्षांचं आजारमुक्त राहण्याचं प्रमाण 52 टक्के. पण परतलेल्या 12 पैकी 11 जणी केमोने बऱ्या झाल्या, आणि एकूण जगण्याचं प्रमाण 96 टक्के राहिलं. मुलांमध्ये, म्हणजे वृषणाच्या गाठींत, आजारमुक्त 74 टक्के आणि जगण्याचं प्रमाण 100 टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला शिका. 52 बघून घाबरणं चूक आणि 96 बघून गाफील राहणंही चूक. निम्म्या मुली केमोशिवाय सुटल्या, पण उरलेल्यांपैकी निम्म्यांचा आजार 2 महिन्यांतच, आणि सर्वांचा 9 महिन्यांच्या आत उघड झाला. म्हणून पहिल्या वर्षातली रक्ततपासणी एकदाही चुकता कामा नये. जे कुटुंब दर काही आठवड्यांनी येऊ शकणार नाही, त्यांच्यासाठी देखरेख हा पर्याय सुरक्षित नाही. हे डॉक्टरांनी स्पष्ट विचारायला हवं आणि कुटुंबानेही स्पष्ट सांगायला हवं.

दूर्वा

मुलग्यांचा भाग जोडते. वृषणात घन गाठ दिसली की छेद जांघेतून, अंडकोशातून कधीच नाही. आधी शुक्ररज्जू आतल्या कड्याजवळ बांधायचा, मग वृषण बाहेर. अंडकोशाच्या कातडीतून सुई घातली किंवा छेद घेतला तर लसिकेचा मार्ग बदलतो आणि स्टेज 1 ची स्टेज 2 म्हणून गणना होते. "हायड्रोसील (अंडकोशात साचलेलं पाणी) असेल" म्हणून सोनोग्राफीविना अंडकोशातून उघडणं ही इथली नेहमीची चूक.

वयात न आलेल्या मुलात एएफपी वयाच्या मानाने नॉर्मल असेल तर वृषण वाचवून फक्त गाठ काढण्याचा विचार करता येतो. त्या वयातला टेराटोमा सौम्य असतो. फ्रोझन सेक्शनवर (शस्त्रक्रिया चालू असतानाच्या झटपट तपासणीत) तो दिसला तर उरलेलं वृषण परत बसवतात. वयात आल्यावर हीच सूट राहत नाही, कारण तिथे टेराटोमाचंही वागणं बदलतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या वृषणातली ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा सेल गाठ सौम्य असते. शस्त्रक्रिया पुरे, केमो नको.

एक महत्त्वाचा फसवा प्रकार. जन्मजात अॅड्रिनल हायपरप्लेजिया (अॅड्रिनल ग्रंथीचा हॉर्मोनदोष) असलेल्या मुलांच्या दोन्ही वृषणांत गाठी येतात आणि त्या लायडिग सेल गाठीसारख्या दिसतात. त्या अॅड्रिनलच्या भरकटलेल्या पेशी असतात आणि स्टेरॉइडचा डोस नीट केल्यावर आकुंचन पावू शकतात. दोन्ही बाजूंना गाठी आणि लवकर आलेली पौगंडावस्था, असं दिसलं तर चाकू उचलण्याआधी रक्तातलं 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तपासा.

अबोली

दूर्वा, हे फार कामाचं. आरोह, केमोच्या डोसांविषयीही लिहा. लहान मुलांना कार्बोप्लॅटिन द्यायचं की सिस्प्लॅटिन, यावर नेहमी गोंधळ दिसतो.

आरोह

मुलांमधलं नेहमीचं पीईबी (तीन औषधांचं केमो) असं: सिस्प्लॅटिन 20 मिलिग्रॅम प्रति चौ.मी. रोज, 5 दिवस. एटोपोसाइड 100 मिलिग्रॅम प्रति चौ.मी. रोज, 5 दिवस. ब्लिओमायसिन 15 युनिट प्रति चौ.मी., फक्त पहिल्या दिवशी. 21 दिवसांनी पुढचं चक्र. मोठ्यांच्या, त्याच तीन औषधांच्या बीईपीमध्ये ब्लिओमायसिन दर आठवड्याला असतं, आणि मोठ्यांचा तक्ता लहान मुलाला लावला तर फुप्फुसाची किंमत मोजावी लागते. फाइलवर नुसतं "बीईपी" लिहिलेलं असेल तर कोणतं, हे विचारा.

ब्रिटनमध्ये सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन असलेलं जेईबी दीर्घकाळ वापरलं जातंय. मॅजिकच्या एकत्रित आकडेवारीत दोन्हींचे निकाल जवळपास सारखे निघाले. वाद उरला आहे तो मोठ्या किशोरांपुरता, कारण प्रौढ पुरुषांच्या वृषणाच्या गाठींत कार्बोप्लॅटिन कमी पडल्याचं सिद्ध झालंय. याच गटाच्या विश्लेषणात 11 वर्षं ही वयाची रेषा ठरली. त्या वयापुढे, स्टेज 4 च्या अंडाशयाच्या गाठींत आजारमुक्त राहण्याचं प्रमाण 70 टक्क्यांखाली जातं. थोडक्यात, 3 वर्षांच्या आणि 15 वर्षांच्या मुलीला एकाच तागडीत तोलू नये.

कान हा सिस्प्लॅटिनचा मोठा बळी. आधी 4,000 ते 8,000 हर्ट्झचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होतात. मूल बोलतं, ऐकतं, पण वर्गात मागे पडतं. प्रत्येक चक्राआधी ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) हवी, छोट्या बाळांत बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी). पसरलेला नसलेल्या आजारात सिस्प्लॅटिन संपल्यावर 6 तासांनी सोडियम थायोसल्फेट देण्याचा मार्ग आहे. यकृताच्या गाठींवरच्या सिओपेल 6 चाचणीत त्याने बहिरेपणा 63 टक्क्यांवरून 33 वर आणला. सहा तासांचं अंतर पाळलंच पाहिजे, आधी दिलं तर सिस्प्लॅटिनच निकामी होतं. पसरलेल्या आजारात ते देत नाहीत, कारण तिथे जगण्याच्या प्रमाणावर परिणाम होण्याची शंका आहे.

मॅग्नेशियम मूत्रावाटे वाहून जातं. हातपाय वळणं, मुंग्या येणं ही चिन्हं दिसायच्या आत तपासा. आणि वयात आलेल्या मुलांचं वीर्य केमोच्या पहिल्या थेंबाआधी साठवून ठेवा. हा विषय काढायला सगळेच संकोचतात आणि संधी जाते.

अजून एक. केमो चालू आहे, मार्कर उतरतायत, पण स्कॅनवर गाठ वाढतेय, असं झालं तर केमो बदलण्याची घाई नको. तो ग्रोइंग टेराटोमा असतो. त्यावर केमो चालत नाही, तो काढावाच लागतो.

काचपट्टी

स्ट्रोमल गाठींचे निकाल राहिले होते.

ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा: बहुसंख्य मुली स्टेज 1 मध्येच सापडतात, कारण हॉर्मोनमुळे गाठ स्वतःच ओरडून सांगते. 5-6 वर्षांच्या मुलीला स्तनवाढ आणि रक्तस्राव. आयएमध्ये शस्त्रक्रियेनंतर बरं होण्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर. परतायची तर पहिल्या 3 वर्षांत परतते. मोठ्या बायकांमधली ग्रॅन्युलोसा गाठ मात्र वीस वर्षांनीही उगवते. इंटरनेटवर तेच वाचून मुलीच्या आईने आयुष्यभर धास्ती घेऊ नये, ती वेगळी गाठ आहे.

सर्टोली-लायडिग: यंग आणि स्कली या पॅथॉलॉजिस्टांनी 1985 मध्ये 207 केसेस मांडल्या. पूर्ण परिपक्व गाठींपैकी एकही घातक वागली नाही, मध्यम परिपक्व 11 टक्के, कमी परिपक्व 59 टक्के. त्यात प्रौढही आहेत, तरी परिपक्वतेचा दर्जा का महत्त्वाचा ते यावरून स्पष्ट होतं. रिपोर्टमध्ये दर्जा, रेटिफॉर्म (जाळीसारखा) भाग आणि परके घटक (अंडाशयात एरवी नसणारी ऊतकं) यांचा उल्लेख नसेल तर रिपोर्ट अपूर्ण समजा. या गाठी परतल्या तर लवकर परततात, आणि परतलेली गाठ आवरणं कठीण असतं. म्हणूनच आयसीमध्ये केमोकडे कल असतो. थोडं वाढलेलं एएफपी या गाठीतही दिसू शकतं, त्यावरून योक सॅक ठरवून मोकळं होऊ नका.

अबोली

एस्ट्रोजेन बनवणारी गाठ काढल्यावर पौगंडावस्थेची लक्षणं थांबतात ना?

नीलमोहोर

बहुतेकींत मागे सरतात. काही आठवड्यांत एक रक्तस्राव होतो, तो एस्ट्रोजेन अचानक उतरल्याचा. पण बराच काळ हॉर्मोन मिळालेलं असेल आणि हाडाचं वय पुढे गेलं असेल तर मेंदूकडून खरी पौगंडावस्था सुरू होऊ शकते. मग ती थांबवणारं जीएनआरएच अॅनालॉग लागतं. लक्षणं परतली तर गाठ परतली असं गृहीत धरू नका, एलएच (मेंदूकडून येणारं हॉर्मोन) आणि इनहिबिन (गाठीतून येणारं) बघा. एलएच वाढलेलं असेल तर कारण मेंदूकडचं. एलएच दबलेलं आणि इनहिबिन चढलेलं, तर गाठीचा शोध घ्या.

आणि डिसजर्मिनोमा असलेल्या ज्या मुलीला पाळीच आलेली नाही, तिचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) केल्याशिवाय पुढे जाऊ नये. 46 एक्सवाय निघालं तर दुसऱ्या बाजूची अविकसित ग्रंथीही काढावी लागते, कारण तिच्यातल्या गोनॅडोब्लास्टोमा या गाठीतून पुन्हा कर्करोग उगवतो. गर्भाशय ठेवायचं. हॉर्मोन देऊन ते वाढतं, आणि दान केलेल्या बीजाने गर्भधारणा होऊ शकते. हे मुलीला तिच्या वयाच्या भाषेत, घाई न करता, एकाहून अधिक भेटींत सांगायला हवं.

दूर्वा

काचपट्टी, सर्टोली-लायडिगमध्ये डायसर-1 या जनुकाची तपासणी सगळ्यांनाच?

काचपट्टी

हो, प्रत्येकीला, आणि रक्तातून. फक्त गाठीत बदल सापडला तर तो वारशाने आला की नाही ते कळत नाही. वारशाचा निघाला तर दोन गोष्टी बदलतात. एक, काही वर्षांनी दुसऱ्या अंडाशयात गाठ दिसली तर ती परतलेली म्हणून स्टेज 4 च्या वाटेने नेऊ नका. ती नवी, स्वतंत्र गाठ असू शकते आणि तिचे उपचार पहिल्यासारखेच सुरू होतात. गाठीतला दुसरा (वारशाचा नसलेला, गाठीतच झालेला) बदल पहिल्या गाठीशी ताडून बघितला की फरक कळतो. दोन, भावंडांची तपासणी. लहान बाळात याच बदलामुळे फुप्फुसात प्लुरोपल्मोनरी ब्लास्टोमा हा कर्करोग होतो आणि तो फुग्यांच्या अवस्थेत, 3 ते 6 महिन्यांच्या वयात छातीच्या सीटीवर सापडला तर निकाल फार चांगला असतो. घरात नुकतंच बाळ जन्मलं असेल तर मोठ्या बहिणीची केमो संपायची वाट बघू नका, बाळाचं रक्त याच आठवड्यात पाठवा. मोठ्यांची थायरॉइडची सोनोग्राफीही करून घ्या.

टाका

फाइलसाठी एक ओळ. ब्लिओमायसिन मिळालेल्या मुलाला पुढे कधीही, अगदी दहा वर्षांनी अपेंडिक्ससाठी भूल द्यायची वेळ आली, तरी भूलतज्ज्ञाला ते आधी सांगा. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन त्या फुप्फुसांना झेपत नाही. एकूण किती युनिट मिळाली, सिस्प्लॅटिन किती, शेवटची ऑडिओमेट्री कधीची, हे एका कागदावर लिहून त्या कागदाचा फोटो आईवडील दोघांच्याही फोनमध्ये ठेवावा.